एजंट ठेवला नसता तर?

दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांनी विचारलं, "जुना फ्लॅट विकायचाय. एजंट दोन टक्के मागतोय. द्यायचे का?" आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे, त्याआधी पैसे हवेत. शेजारच्या काकांनी एजंटशिवाय घर विकलं, भाव कमी आला. मावशीने एजंटकडून विकलं, चांगला आला. बाबांचं मत जवळपास ठरलंच होतं. मी म्हणाले, "घरं वेगळी, माणसं वेगळी. यावरून काही कळत नाही." बाबा म्हणाले, "मग कशावरून कळेल ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परत आल्यावर वाचत बसले. माझा विषय रसायनशास्त्र, पण हा प्रश्न आपल्या कामाचा निघाला. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर 'कंट्रोल' म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

गोष्ट अमेरिकेतली आहे. तिथे 1908 साली शिकागोत घरांच्या एजंटांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. शहराशहरांतली त्यांची मंडळं कमिशनचे दर ठरवून देत. 1950 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वॉशिंग्टनच्या मंडळाविरुद्धच्या खटल्यात सांगितलं की असं दर बांधणं बेकायदा आहे. गंमत म्हणजे दर त्यानंतरही फारसे हलले नाहीत. कित्येक दशकं पाच-सहा टक्क्यांच्या आसपासच राहिले. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे यादी. विक्रीला असलेल्या घरांची एक सामायिक यादी असते, तिला मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस म्हणतात. तिच्यात नाव घालायला एजंट लागायचा, आणि विकणाऱ्याच्या कमिशनमधूनच खरेदीदाराच्या एजंटला वाटा मिळायचा. म्हणजे सल्ला आणि यादी एकाच पुडीत बांधलेली. तुम्ही नेमके कशाचे पैसे देताय हे सुटं करून बघताच येत नव्हतं.

एजंटांची संघटना दरवर्षी आकडे छापते: एजंटशिवाय विकलेली घरं कमी भावात जातात. आता हे काकांचं आणि मावशीचंच उदाहरण झालं, फक्त मोठ्या सॅम्पलवर. एजंटशिवाय विकणाऱ्यांत ओळखीच्या माणसाला घर देणारे बरेच असतात. सॅम्पल कितीही वाढवा, निवडीतला पूर्वग्रह जात नाही. (हे वाक्य मला एमएस्सीला कुणी सांगितलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.)

पुढचं पाऊल लेव्हिट आणि सिव्हरसन यांचं. 2008 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात शिकागोजवळच्या उपनगरांतल्या सुमारे एक लाख घरविक्री आहेत. त्यांनी विचारलं, एजंट स्वतःचं घर विकतो तेव्हा कसा वागतो? उत्तर: तो साडेनऊ दिवस जास्त थांबतो आणि सुमारे 3.7 टक्के जास्त भाव घेतो. कारण साधं आहे. आमच्या फ्लॅटला दोन लाख जास्त मिळाले तर दोन टक्क्यांनी एजंटला मिळणार चार हजार. तेवढ्यासाठी तो आणखी महिनाभर चकरा का मारेल? पण नीट बघा, 'एजंट ठेवू का' याचं उत्तर इथे नाहीच. एजंट आपल्यासाठी पूर्ण जोर लावतो का, एवढंच इथे कळतं.

मूळ प्रश्नाच्या जवळ गेले हेंडेल, नेवो आणि ऑर्तालो-मान्ये. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात घरमालकांना स्वतः जाहिरात करता येईल अशी एक लोकप्रिय वेबसाइट होती. तिथली विक्री आणि एजंटांच्या यादीतली विक्री त्यांनी ताडून बघितली, घरातले आणि विकणाऱ्यांतले फरक शक्य तितके वजा करून. भावात फरक उरला नाही, म्हणजे वाचलेलं कमिशन मालकाच्या खिशात. मात्र एजंटशिवाय घर विकायला वेळ जास्त लागतो आणि ते न विकलं जाण्याची शक्यताही जास्त.

मला सगळ्यात आवडलेला अभ्यास बर्नहाइम आणि मीर यांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जमिनीवरची घरं फक्त तिथल्या पात्र लोकांनाच घेता येतात, आणि विक्रीची यादी विद्यापीठाचं कार्यालयच सगळ्यांना पाठवतं. म्हणजे यादी फुकट, एजंट ठेवला तर फक्त सल्ल्यासाठी. पुडी आपोआप सुटलेली! 1980 ते 2005 मधल्या सुमारे 800 विक्रींत त्यांना दिसलं की एजंट ठेवल्यावर भाव 5.9 ते 7.7 टक्क्यांनी कमी आला. मात्र ही मोजकी घरं आहेत आणि खरेदीदार एकमेकांना ओळखणारे. हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून दुसऱ्या गावात नेता येत नाही.

दरम्यान पुडी कोर्टातही पोचली. ऑक्टोबर 2023 मध्ये मिसुरीतल्या ज्युरीने संघटनेविरुद्ध निकाल दिला, मार्च 2024 मध्ये संघटनेने 41.8 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि ऑगस्टपासून यादीत खरेदीदाराच्या एजंटचा वाटा दाखवणं बंद झालं.

मग बाबांना फोन केला. आपल्याकडे अशी सामायिक यादी नाही. गिऱ्हाइकांचे नंबर एजंटच्या मोबाइलमध्ये असतात, त्यामुळे इथली पुडी आणखी घट्ट. मी म्हणाले, "बाबा, भावाचं सोडा. गिऱ्हाईक कोण आणणार आणि आपल्याला किती थांबता येईल, ते आधी सांगा."

"डिसेंबरपर्यंत थांबू," ते म्हणाले. सोसायटीच्या फलकावर आणि ग्रुपवर त्यांनी स्वतः जाहिरात टाकली आहे. जानेवारी उजाडला की एजंटला बोलवायचं, असं आईने ठरवून टाकलंय. आतापर्यंत तिघं घर बघून गेले. त्यातले दोघे एजंटच होते.