उद्यांच्या रंगांचें भाकित

पंचांगांत दर सालीं संक्रांतीचें वर्णन असतें. ती कोणत्या वाहनावर बसली आहे, हातीं कोणतें शस्त्र धरिलें आहे आणि कोणत्या रंगाचें वस्त्र नेसली आहे, हें त्यांत सांगितलेलें असतें. आणि संक्रांतीनें जो रंग घेतला, तो त्या सणास आमच्या घरांतील स्त्रिया वर्ज्य मानितात. चतुर कापडवाला पंचांग उघडून मगच माल मागवीत असेल. हें भविष्य खरें कीं खोटें, हा प्रश्न येथें उद्भवतच नाहीं. लोकांनीं तें मानलें कीं बाजारांत तें खरें होतें. ह्या घरगुती गोष्टीचें मर्म आम्हांस मात्र परदेशीं, एका निराळ्याच पंचांगापुढें बसलों असतां कळलें.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही इंग्लंडमध्यें कापडधंद्याच्या इतिहासाचा अभ्यास करीत होतों. एके दिवशीं आमच्या अध्यापिकाबाईंनीं वर्गांत एक घडीचा पुठ्ठा आणून मेजावर उलगडला. त्यावर रंगीत सुताचे लहान लहान झुपके ओळीनें चिकटविले होते. "दोन वर्षांनंतर युरोपांतील लोक ह्या रंगांचे कपडे घालतील," त्या म्हणाल्या. आम्हीं मनांत त्या देशच्या ज्योतिषाचा उपहास केला व विचारलें, "हें आज कोणास कसें ठाऊक?" त्यावर बाईंनीं दिलेलें उत्तर आम्ही अद्यापि विसरलों नाहीं. "ठाऊक कोणालाच नाहीं," त्या म्हणाल्या, "आम्हीं तसें ठरविलें आहे, एवढेंच."

ठरविण्याची गरज कां पडते, हें कापडाच्या प्रवासाकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. सूत रंगविणारा, तें विणणारा, कापड शिवणारा व कपडा विकणारा हे सर्व निरनिराळे. दुकानांत टांगलेल्या अंगरख्याचा रंग ठरतो तो दीड-दोन वर्षें आधीं. अशा स्थितींत एकानें हिरवें कापड विणलें आणि दुसऱ्यानें त्याशीं न जुळणाऱ्या जांभळ्या टोप्या केल्या, तर गिऱ्हाईक दोहोंसहि हात लावणार नाहीं. म्हणून माल तयार होण्यापूर्वीं रंगाविषयीं एकमत हवें, आणि तें एकमत जाहीर करणारें पत्रक हवें.

एकोणिसाव्या शतकांत हें एकमत पॅरिसहून येत असे. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ ह्या इंग्रजानें १८५८ सालीं एका भागीदारासह तेथें आपली पेढी उघडली, आणि गिऱ्हाइकानें सांगावें व शिंप्यानें शिवावें हा क्रम उलटून, शिंप्यानें ठरवावें व गिऱ्हाइकानें घालावें अशी रीति पाडली. रंगांचीं फ्रेंच नमुनापत्रकें अमेरिकेंतील कारखानदार मागवीत आणि त्यांबरहुकूम माल काढीत. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. पॅरिसचा संबंध विसकटला, आणि ज्या जर्मनीकडून कृत्रिम रंग येत, तिकडची वाट बंद झाली. तेव्हां अमेरिकन कारखानदारांनीं 'टेक्स्टाइल कलर कार्ड असोसिएशन' ही संस्था काढली, व १९१५ सालीं तिनें १०६ रंगांचें पहिलें प्रमाणपत्रक प्रसिद्ध केलें. महायुद्धाच्या अखेरीपासून १९५४ पर्यंत ह्या संस्थेची धुरा मार्गारेट हेडन रॉर्क ह्या बाईंनीं वाहिली. त्या पूर्वाश्रमींच्या नटी, आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडलेल्या. पॅरिसमध्यें नवें काय दिसतें, ह्याचीं पत्रें व कापडाचे तुकडे त्या तेथून मागवीत, निरनिराळ्या धंद्यांतील लोकांचें मत घेत, आणि येत्या हंगामाचें पत्रक काढीत.

ब्रिटननें १९३१ सालीं 'ब्रिटिश कलर कौन्सिल' स्थापून तोच मार्ग धरला, व १९३४ सालीं त्या कौन्सिलनें २२० रंगांचा कोश काढला. १९६३ सालीं 'इंटरकलर' ही संस्था निघाली, आणि अनेक देशांचे प्रतिनिधि वर्षांतून दोनदां एकत्र बसून सुमारें दोन वर्षांपुढचे रंग ठरवूं लागले. १९९८ सालीं लंडनमध्यें निघालेल्या डब्ल्यू. जी. एस. एन. ह्या पेढीनें तर संगणकाच्या जाळ्यावरून हें भाकित वर्गणीदारांस विकण्याचा धंदाच मांडला. साधनें बदललीं, मूळ युक्ति बदलली नाहीं. सर्वांनीं विटकरी रंग रंगविला, सर्व दुकानांत विटकरीच टांगला, कीं गिऱ्हाईक विटकरी घेतें, आणि भाकित खरें ठरतें.

ह्यांत केवळ लबाडी आहे, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. लोकांच्या मनाचा ठाव न घेतां ठरविलेली गोष्ट बाजारांत टिकत नाहीं. १९७० सालीं अमेरिकेंत धंद्यांतील वृत्तपत्रानें व दुकानदारांनीं पोटरीपर्यंतचा घागरा मोठ्या जोरानें पुढें रेटला. स्त्रियांनीं तो नाकारला, आणि माल पडून राहिला.

पडून राहिलेल्या मालाचें दुःख आम्हांस पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. आमचें आजोळ इचलकरंजीचें. आजोबांचे चार माग होते. एका सालीं एका आडत्याच्या सांगण्यावरून त्यांनीं नव्या काठाचीं पातळें विणलीं, आणि आडत्यानें तीं उचललीं नाहींत. लोकांचें मन फिरलें, एवढेंच त्यानें सांगितलें. तीं पातळें वर्षभर माळ्यावर होतीं, आणि पुढें आमची आजी व मावश्या तींच नेसल्या. ठरविणारा एक आणि भरणारा दुसरा, हा न्याय आम्हीं लहानपणींच पाहिला होता. त्यामुळें बाईंचें उत्तर ऐकून आमच्या मनांत पहिला प्रश्न आला तो हा, कीं 'आम्हीं ठरविलें' ह्यांतले 'आम्ही' कोण?

ह्याच प्रश्नाचें एक जुनें रूप आम्हांस पुढल्या सुट्टींत लँकेशायर परगण्यांतील प्रेस्टन येथें, हॅरिस संग्रहालयांत पाहावयास मिळालें. जॉन फोर्ब्स वॉटसन हा १८५० सालीं मुंबईच्या लष्करी वैद्यकखात्यांत नोकरीस लागलेला डॉक्टर पुढें लंडनच्या इंडिया म्युझियमचा प्रमुख झाला. १८६६ सालीं त्यानें हिंदुस्थानी कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. खंडांत चित्रें नव्हेत, खऱ्या कापडाचे कापलेले तुकडे! अशा २० प्रती करून त्यांपैकीं १३ ब्रिटनमध्यें व ७ हिंदुस्थानांत ठेविल्या. हेतु उघड होता. येथील लोक काय नेसतात हें नीट कळलें, तर तसेंच कापड विलायतेंत विणून त्यांस विकतां येईल. धोतर, लुगडें, पागोटें हीं मागावरून उतरतांच वापरावयाचीं. त्यांना शिवण नाहीं. म्हणून लांबी, रुंदी व काठ ह्यांत चूक झाली तर कापड कितीहि स्वस्त असलें तरी खपावयाचें नाहीं, हें त्यानें आपल्या देशबांधवांस बजावलें. आम्हीं चाळलेल्या पानांवर लांबी, रुंदी, वजन, गांव व किंमत दिली होती. विणकराचें नांव नव्हतें. मावशीच्या पातळाची आठवण करून देणारा एक काठ पाहून आम्ही त्या पानाशीं बराच वेळ थांबलों.

एवढ्या बारकाईनें केलेल्या ह्या अभ्यासांत एक गोष्ट मात्र असणें शक्यच नव्हतें. नेसणारा मनुष्य एके दिवशीं आपली आवडच बाजूस ठेवील, हें कापडाच्या तुकड्यावरून कळावें कसें? ७ ऑक्टोबर १९०५ रोजीं पुण्यास विदेशी कापडाची होळी झाली. ३१ जुलै १९२१ रोजीं मुंबईस परळांत दुसरी पेटली. आणि मऊ विलायती कापड टाकून जाडीभरडी पांढरी खादी सुशिक्षितांनीं अभिमानानें अंगावर घेतली. हा रंग कोणत्याहि पत्रकांत नव्हता. परंतु येथेंहि भरणारे निराळेच निघाले. सप्टेंबर १९३१ मध्यें गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन गांवीं गेले, तेव्हां काम सुटलेले गिरणीकामगार त्यांस भेटले. हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकानें पाठ फिरविल्याची झळ ज्यांस लागली होती, त्यांनींच गांधीजींचें आपुलकीनें स्वागत केलें. वॉटसनचे खंड ह्या लोकांनीं केले नव्हते, आणि कोणतें कापड कोठें पाठवावें हेंहि त्यांस कोणी विचारलें नव्हतें.

आज आमच्याकडील अनेक मुलगे व मुली परदेशीं जाऊन उद्यांच्या रंगांची ही विद्या शिकतात. ती अवश्य शिकावी. तिच्यांत जादू नसून व्यापाराची शिस्त आहे, आणि शिस्तीवांचून एवढा मोठा धंदा चालावयाचा नाहीं. मात्र पत्रक हातीं आल्यावर, तें ठरविणाऱ्या सभेंत मागावरचा मनुष्य होता काय, एवढें त्यांनीं विचारावें. कारण भाकित फसलें म्हणजे माळा भरतो तो त्याच्याच घरचा.