सावडीतला शेवटचा नंबर

आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. डिंभ्याच्या वर, आहुप्याच्या अंगाला आषाढात पाऊस लागला की ती एकट्या घराला उरकत नाही. राबातलं रोप तीन-चार आठवड्यांचं झालं की थांबत नाही, आणि खाचरात पाणी उभं आहे तोवरच चिखल होतो. म्हणून सावड. आज सगळे आमच्या आवणात, उद्या तुमच्या, परवा चुलत्याच्या. मजुरी नाही, दुपारची भाकरी तेवढी ज्याचं आवण त्याची.

शाळेत असताना मीही इरलं घेऊन आईमागं जायचो. रोपाची मूठ डाव्या हातात, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात, आणि चालायचं मागं मागं. चार दिवसांत पायांना चिखल्या पडत. रात्री आई त्यांना कोमट तेल लावी. असाच एकदा तेल लावताना तिला विचारलं, आपले किती दिवस कुणाकडे फिटायचेत? तिनं घरागणिक आकडा सांगितला, एकही न चुकता. मग म्हणाली, "हे बाहेर बोलायचं नाही हां." हिशेब चोख ठेवायचा, पण मागायचा नाही.

पुढे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलं. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञानं 1740 साली छापलेल्या आपल्या ग्रंथभागात दोन शेतकरी आणले आहेत. एकाचं पीक आज कापणीला आलं, दुसऱ्याचं उद्या येणार. एकमेकांना हात दिला तर दोघांचंही भलं. पण आज मी राबलो आणि उद्या तू आलाच नाहीस तर? या भरवशाअभावी दोघांचंही पीक वाया जातं. वर्गात हे सांगताना मला दर वेळी आमचं आवण दिसे. ह्यूमच्या दोघांचे दिवस तरी वेगळे होते. आमच्याकडे सगळ्यांची निकड एकाच पंधरवड्यात, म्हणून राब पेरतानाच दोन-दोन दिवसांचं अंतर ठेवत.

मग रॉबर्ट ॲक्सेलरॉडची संगणकी स्पर्धा शिकवायचो : दोघांनी डावामागून डाव खेळायचे, दर डावात सहकार्य करायचं की फसवायचं ते ठरवायचं. चौदा प्रवेशिका आल्या होत्या. जिंकली ॲनातोल रॅपोपोर्टची सगळ्यात सोपी चाल : आधी सहकार्य करा, मग समोरचा करील तसं करा. ॲक्सेलरॉडचं पुस्तक 1984 चं. मुलं खूश व्हायची. पण त्याच प्रतिमानात एक खोच आहे. खेळ कधी संपणार हे ठाऊक असेल तर शेवटच्या डावात फसवणं फायद्याचं. ते ठाऊक म्हणून त्याच्या आधीच्या डावातही. असं मागं मागं येत खेळ पहिल्याच डावाला मोडतो. बाईनं मागं चालत आवणी करावी तसा हा युक्तिवाद उलट्या पावलांनी चालतो.

आता आमची सावड बघा. शेवटचं आवण कुणाचं, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत. तिथपर्यंत बाकीच्यांची शेतं झालेली, अंग मोडलेलं, घरी वरई-नाचणीची कामं तुंबलेली. गणिताप्रमाणे तिथं कुणी फिरकायला नको. शिवाय हंगाम वर्षातून एकच, आणि वर्षभरात माणूस पुष्कळ विसरतो. तरी आमच्या अकरा घरांच्या सावडीत शेवटचं आवण कधी पडून राहिल्याचं मला आठवत नाही.

कारण फार उशिरा ध्यानात आलं. शेवटचा नंबर आमच्यात दर वर्षी सुईणीचा असे. वाडीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, उरलेली अर्धी पुढं जन्मायची. तिच्या आवणाला न जाण्याची कुणाच्या सुनेची छाती होती? ज्या कडीवर साखळी तुटायची, तिथं कुणाला उभं करायचं हे अडाणी म्हणवणाऱ्या माणसांना नेमकं ठाऊक होतं. क्रिस्टिना बिकिएरी 2006 च्या पुस्तकात म्हणते की रूढी दोन अपेक्षांवर उभी असते : बाकीचे पाळतात, आणि मीही पाळावी असं बाकीच्यांना वाटतं. बरोबरच आहे. पण सगळ्या घरांना सारखं धरलं की सुईण दिसत नाही.

सावडीला सोवळं मात्र मी समजत नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली ‘गावगाडा’त मांडलेल्या बलुत्यात वरखाली होतं, सावड बरोबरीच्यांची, हे खरं. पण बरोबरी कुणाची? ज्याला आवण होतं त्यांची. आमच्या वाडीलगतचे कातकरी सावडीत कधी नव्हते. त्यांचा दिवस फेडायचा कुठल्या खाचरात? ते धान्यावर राबायचे.

शब्द टिकवायची दुसरीही एक रीत होती. जुन्नरच्या लेण्यांत बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या दानांचे लेख आहेत. ठेवणारा मरणार, घेणारे मरणार, म्हणून शब्द दगडात कोरला. सावडीला अक्षर लागलं नाही, कारण सगळी माणसं रोज पाणवठ्यावर भेटत.

तशीच पडकई. भात निघालं की काही घरांनी मिळून उतारावर दगडांची ताल रचायची, पहार-फावड्यानं माती ओढून खाचर पाडायचं. या वर्षी याचं, पुढच्या वर्षी त्याचं. एका खाचराला हंगामच्या हंगाम जात. पुढं त्याच नावाची सरकारी योजना आली. हजेरीपट आला, रोजाचा आकडा आला. 30 जुलै 2014 ला माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली, आणि यंत्रानं केलेल्या सपाटीकरणावर वाद पेटला. पडकई हा शब्द शहरातल्या वर्तमानपत्रांना कळला तो असा, आरोपी म्हणून. आमच्या म्हाताऱ्यांना त्याचं फार लागलं. पहारीनं पाडलेली पडकई आणि यंत्रानं कोरलेला उतार यांना एकच नाव कसं, असं ते विचारत.

सावड मोडली ती मात्र कुणाच्या लबाडीनं नाही. घोड नदीवर डिंभ्याचं धरण झालं. जमिनी पश्चिमेच्या बुडाल्या, कालव्याचं पाणी पूर्वेला गेलं. तिकडं ऊस, द्राक्ष, टोमॅटो उभे राहिले आणि आमची माणसं सकाळी नारायणगावच्या मजूर बाजारात उभी राहू लागली. एकदा दिवसाला भाव लागला की सावडीतला दिवस त्याच भावानं दिसू लागतो. आईनं मनात ठेवलेला आकडा आता कुणीही तोंडानं सांगतं, तोही रुपयांत.

गेल्या आषाढात गावी होतो. चार घरांची सावड उरली आहे. सुईण जाऊन वर्षं झाली. बाळंतपणं आता घोडेगावला होतात. शेवटचा नंबर कुणाचा, यावर बराच वेळ कुणी बोलेना, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. पुतण्याची निघाली. तो हसला, चहा घेतला, आणि त्याच रात्री तळेघरच्या एका मुकादमाला फोन करून दहा माणसं रोजानं सांगून ठेवली.