पोटदुखी, वरच्या पोटातील (ठाणे व कल्याण-डोंबिवली)

बरगड्यांच्या खालच्या कडेपासून बेंबीपर्यंतच्या भागात होणारे दुखणे. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. जठर, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड यांच्या विकारांबरोबरच हृदयाचे आणि फुप्फुसाच्या तळाचे दुखणेही येथे जाणवते. ठाणे-कल्याण पट्ट्यात त्याला सरसकट ‘ॲसिडिटी’, ‘गॅस’ किंवा ‘पित्त झालंय’ म्हटले जाते. पहिला उपचार बहुधा स्थानकाजवळच्या मेडिकलमध्ये होतो : पट्टी कापून चार गोळ्या, वर सोड्याची पुडी, आणि पुढची लोकल. यांपैकी पॅन्टोप्राझोलसारखी औषधे ‘अनुसूची एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या यादीत आहेत.

स्वरूप व कारणे. केवळ जागेवरून निदान होत नाही. दुखणे केव्हा सुरू होते, किती टिकते, कोठे सरकते हे महत्त्वाचे. उपाशीपोटी किंवा पहाटे दुखून खाल्ल्यावर थांबत असेल, तर आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रणाचा संशय येतो. दुखणे पाठीत आरपार जाते व पुढे वाकून बसल्यावर हलके होते ते बहुधा स्वादुपिंडदाहाचे. दारू व पित्तखडे ही त्याची दोन मुख्य कारणे. ॲपेंडिक्सचे दुखणेही प्रथम बेंबीभोवती किंवा तिच्या वर सुरू होते आणि काही तासांनी उजवीकडे खाली उतरते. कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतात. व्रणांमागील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वॉरन व मार्शल यांनी १९८२ मध्ये शोधला; त्यांना २००५ चे नोबेल मिळाले. भारतात तो इतका सर्रास आढळतो, की प्रत्येकाची तपासणी करावी काय याबाबत एकमत नाही.

पित्ताशयातील खडे. शल्यविभागात दाखल होणाऱ्या वरच्या पोटदुखीचे हे नेहमीचे कारण. तेलकट जेवणानंतर, बरेचदा मध्यरात्री, उजव्या बरगडीखाली कळ येते; ती उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जाते व अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. पुन्हा येईपर्यंत रुग्ण पूर्ण बरा असतो, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. सोबत थंडी-ताप किंवा कावीळ आल्यास खडा पित्तनलिकेत अडकल्याचा संशय घ्यावा लागतो.

मुतखड्यावर घरोघरी दिली जाणारी कुळथाची कढणे आणि पानफुटीची पाने ‘खडा’ या समान नावामुळे येथेही दिली जातात. मुतखडा लघवीवाटे पडू शकतो. पित्ताशयातील खड्याला ती वाट नाही. उलट तो सरकून पित्तनलिकेत अडकणे हाच धोका असतो. त्रास न देणाऱ्या, सोनोग्राफीत योगायोगाने दिसलेल्या खड्यांवर साधारणपणे शस्त्रक्रिया करत नाहीत. त्रास देणाऱ्यांसाठी खड्यांसह पित्ताशय काढतात. नुसते खडे काढल्यास ते पुन्हा होतात.

दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये केली. भारतातील पहिली १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी केली. निदानासाठी ते १९७२ पासूनच तेथे दुर्बीण वापरत होते. आज ही शस्त्रक्रिया ठाणे-डोंबिवलीतील लहान नर्सिंग होममध्येही होते.

यकृतातील गळू. अमीबामुळे होणारे हे गळू मुख्यतः दारू वा ताडी पिणाऱ्या तरुण व मध्यमवयीन पुरुषांत आढळते. ताप, उजवीकडे दुखणे, खोकताना कळ. मेट्रोनिडॅझोलने बरे होते. मोठे गळू सुईने रिकामे करतात.

हृदयविकार. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखणे, मळमळ व घाम एवढ्यावरच प्रकट होऊ शकतो, विशेषतः मधुमेहींत व स्त्रियांत. ढेकर आली म्हणून तो नाही असे ठरत नाही. संशयित रुग्णाचा ईसीजी रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत निघावा असा संकेत आहे.

तपासण्या. सोनोग्राफीपूर्वी सुमारे ६ तास उपाशी राहावे लागते, कारण खाल्ल्यावर पित्ताशय आकसते. ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली बाकावर रांग. आत गार जेली, आणि ‘श्वास घ्या, रोखून धरा’ : श्वासाबरोबर यकृत खाली सरकते व पित्ताशय स्पष्ट दिसते. जठरातील व्रण सोनोग्राफीत सहसा दिसत नाही, त्यासाठी एंडोस्कोपी. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे पोट निर्दोष असे नव्हे.

उपचारव्यवस्था. ठाणे महापालिकेचे कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. राज्य शासनाचे विठ्ठल सायन्ना सामान्य रुग्णालय (‘सिव्हिल’) पुनर्बांधणीसाठी २०२३ मध्ये मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आले. कल्याणमध्ये बाई रुक्मिणीबाई व डोंबिवलीत शास्त्रीनगर ही पालिकेची रुग्णालये. तेथून गंभीर रुग्ण कळव्याला किंवा मुंबईत शीव, केईएमला पाठवले जातात. उल्हासनगरला शासकीय मध्यवर्ती रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. पालिका रुग्णालये या निर्णयात येत नाहीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या मूळ रूपात (२०१२) ठाणे जिल्हा पहिल्या टप्प्यात नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. रुग्णवाहिकेसाठी १०८.

तातडीची लक्षणे. अचानक असह्य कळ व लाकडासारखे कडक पोट (व्रण फुटणे), रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते), कावीळ व थंडी-ताप, घाम, धाप, जबड्यात वा हातात कळ, डेंग्यूच्या तापात पोटदुखी. गरोदरपणी २० आठवड्यांनंतर वरचे पोट दुखल्यास रक्तदाब त्याच दिवशी तपासावा. विनाकारण वजन घटणे, गिळताना अडकणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे असल्यास एंडोस्कोपी लांबवू नये.

आयुर्वेद. ‘माधवनिदान’ या ग्रंथात परिणामशूल, अन्नद्रवशूल व अम्लपित्त यांची स्वतंत्र वर्णने आहेत.

मुलांतील दुखणे. बहुधा बेंबीभोवती असते; वरच्या पोटातील सततचे दुखणे मात्र तपासून घ्यावे.