बोरघाटाची चढण आणि मजुरांचा भरवसा

गासहून पुण्याला निघालं की आधी नालासोपारा स्टेशन गाठायचं, दादरला गाडी बदलायची आणि कर्जत आलं की खिडकी पकडायची, हा आमच्याकडच्या मुलांचा ठरलेला क्रम. कर्जतला अनेक गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात आणि गाडी घाट चढू लागते. बोगदा आला की मुलं ओरडतात. एकदा सहलीत एका मुलीनं विचारलं, "हे बोगदे कुणी खोदले?" शेजारच्यानं लगेच सांगून टाकलं, "इंग्रजांनी!"

या उत्तरात किती राहून जातं ते पाहण्यासारखं आहे.

मुंबई ते ठाणे ही रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. पुढं १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे अशी गाडी धावू लागली. मधे उभा होता सह्याद्री. प्रवासी खोपोलीला उतरत, पालखी, तट्टू किंवा गाडीनं घाट चढत आणि वर पुन्हा आगगाडीत बसत. हा तुटलेला दुवा जोडण्याचं काम २४ जानेवारी १८५६ ला सुरू झालं. 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' कंपनीचे मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. कंत्राट मिळालं फॅव्हिएल यांना. मुंबई-ठाणे मार्ग बांधण्यातही त्यांचा वाटा होता.

काम किती अवघड होतं, याचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेता येईल. सुमारे २५ किलोमीटर अंतरात १८३१ फूट, म्हणजे जवळजवळ ५५८ मीटर चढायचं. सरासरी ४६ मीटर पुढं गेल्यावर १ मीटर वर. आणि सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ मीटरला १ मीटर. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालतं तेव्हा घर्षण कमी असतं, म्हणून रेल्वेला ही चढण फार जड. एवढ्या अंतरात २५ बोगदे आणि ८ मोठे पूल लागले. सुरुंगाची भोकं छिन्नी-हातोड्यानं पाडायची आणि त्यात बंदुकीची दारू ठासायची. शिवाय पावसाळ्याचे महिने बहुतेक काम बंद.

पण काम अडलं ते दगडापाशी नव्हे. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा मोठा दंगा झाला आणि युरोपीय देखरेख्यांवर हल्ले झाले. चौकशीत कारण दिसलं ते साधं होतं : मजुरी वेळेवर आणि पुरती मिळत नव्हती.

असं का व्हावं? कामाची उतरंड पाहा. कंपनी पैसे देणार मुख्य कंत्राटदाराला, तो पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला आणि मुकादम मजुराला. प्रत्येक पायरीवर पैसा अडकू शकत होता किंवा गळू शकत होता. उलट दिशेनं मजुराची तक्रार वर जायची, तर तीही याच पायऱ्यांवरून आणि मध्ये दोन-तीन भाषा ओलांडून. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातून ती वर पाठवायची! मग ती वर पोचावी कशी? पोचली ती दंग्याच्या रूपानं.

मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडलं. काही काळ कंपनीनं स्वतःच काम चालवलं. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आले आणि १८५९ संपण्यापूर्वीच आजारानं वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांवर त्यांनी व्यवस्था सोपवली. १८६० मध्ये सरकारनं कायदा केला. सार्वजनिक कामांवरचे मजुरीचे तंटे आता मॅजिस्ट्रेटपुढं झटपट सोडवता येऊ लागले. मात्र करार मोडणाऱ्या मजुरालाही त्यात शिक्षा होती, हे विसरून चालणार नाही.

१८६१ च्या सुरुवातीला घाटात ४२,००० हून अधिक माणसं राबत होती. पटकीची साथ आणि अपघात यांत हजारो मेली; त्यांची नावं कुठं नोंदलेली नाहीत. मजुरीची व्यवस्था सुधारली म्हणूनच एवढी माणसं आली, असं म्हणणं धाडसाचं होईल. पोटाची गरजही होतीच. पण एक गोष्ट उघड आहे : पावसाळ्याला गावी परतणारा मजूर पुढच्या हंगामात चार जणांना घेऊन येणार की कुणालाच नाही, हे हातात पडलेल्या मजुरीवर ठरत असणार. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. बर्कली मात्र तो पाहायला नव्हते. १८६२ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

गोष्ट इथं संपत नाही. जुलै १८६७ मध्ये याच घाटातला 'माऊ की माली' पूल कोसळला. बांधकाम निकृष्ट होतं. मग कंपनीचे इतर पूल तपासले, तेव्हा त्यांतले अनेक दोषी निघाले आणि पुन्हा बांधावे लागले. दगडी खांबाचं एक वैशिष्ट्य आहे. बाहेरचे दगड सगळ्यांना दिसतात. आतला भराव आणि चुना कसा आहे, हे तो भरणाऱ्या गवंड्यालाच ठाऊक असतं. तपासनीस वरून कितीही डोळ्यांत तेल घालून पाहो, ते ज्ञान खालून वर आलं नाही तर त्याला कळायचं कसं? आणि वाईट बातमी वर सांगितली की मजुरी कापली जाईल अशी भीती असेल, तर ती कोण सांगेल?

आपल्या वर्गातल्या गटप्रकल्पांतही ही उतरंड असते. गटप्रमुख बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. तक्ता फाटला किंवा मापं चुकली, तर ते प्रदर्शनाच्या दिवशी कळतं. एक करून पाहा. दर आठवड्याला गटातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, "काय बिघडलंय?" आणि सांगणाऱ्याचे गुण कापायचे नाहीत. सुरुवातीला मुलं गप्प बसतील. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एखादा हात वर होईल. तो हात वर होण्यात तुमच्यावरचा भरवसा असेल, तेव्हा घाई करू नका.

आणि पुढच्या सहलीत बोगदा आला की तो प्रश्न पुन्हा विचारा : हे कुणी खोदले?