मोटारीचा वायपर आणि बल्ब

श्रोतेहो, इतिहासाच्या भाषणात नरसी नामदेवचे नाव निघाले की आता तेराव्या शतकाची गोष्ट ऐकायला मिळणार, असे आपण धरून चालता. ते साहजिकच आहे. कयाधूकाठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण आज मला बोलायचे आहे ते ह्या गावी परतवारीला येणाऱ्या गाड्यांविषयी. आषाढी एकादशीला पंढरपूर करून परतलेला वारकरी पंधरा दिवसांनी, वद्य एकादशीला, नरसीला येतो. पूर्वी तो पायी किंवा बैलगाडीने येई. आजही पायी येणारे आहेतच, पण त्यांच्या जोडीला जीपा, टेम्पो आणि लहान मोटारी ह्यांचीही रीघ लागते. आणि दिवस कसले? ऐन आषाढाचे, धुवांधार पावसाचे.

आता मराठवाड्याच्या मोटारीचे दुखणे पाहा. चैत्र-वैशाखात इथला पारा बेचाळीस अंशांवर जातो. त्या उन्हात काचेला टेकून बसलेली वायपरची रबरी पट्टी भाजून निघते, कडक होते, तिला चिरा पडतात. तीन-चार महिने तिची कुणाला आठवणही नसते. मग पहिला मोठा पाऊस येतो, चालक बटण दाबतो, आणि पट्टी पाणी पुसण्याऐवजी काचेवर चिखलाचे कमान काढते. समोरून एकाच दिव्याची मोटार येत असली, तर ती मोटारसायकल आहे असे समजून चालक तिला बाजू देतो, आणि पुढचे वर्तमान दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायला मिळते. काही रुपयांची पट्टी आणि काही रुपयांचा बल्ब. ह्या दोन चिजांना इतिहास आहे, आणि तो मुख्यतः एका प्रश्नाचा आहे: बिघडलेला लहानसा भाग बदलायचा कुणी?

वायपरची कल्पना एका बाईच्या डोक्यातून निघाली. अमेरिकेतल्या अलाबामा प्रांतातली मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली होती. ट्रामचा चालक बर्फ पडत असताना पुढची काच उघडून, थंडीने कुडकुडत वाट पाहतो आहे, हे तिने पाहिले. घरी येऊन तिने काचेवर फिरणाऱ्या रबरी पट्टीची योजना केली. आतल्या बाजूला दांडी, ती चालकाने हाताने ओढायची. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिला पेटंट मिळाले. कोणत्याही कारखानदाराने ते विकत घेतले नाही. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली, आणि दोनच वर्षांनी कॅडिलॅक कंपनीने आपल्या गाड्यांना वायपर कायमचा बसवला! बाईंना त्यातून दमडीही मिळाली नाही.

हाताचा वायपर मात्र त्यानंतरही बराच काळ टिकला. दुसऱ्या महायुद्धातल्या कित्येक जीपांना तो हातानेच फिरवावा लागे. आपल्याकडे महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीपा जोडायला घेतल्या, आणि खेड्यापाड्यांच्या कच्च्या वाटांवर मोटार पोचवली ती ह्याच वाहनाने. मधल्या काळात इंजिनाच्या शोषणावर चालणारा वायपर निघाला. तो मोठा लहरी. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की शोषण कमी पडे आणि पट्टी काचेच्या मध्यावरच थबके. म्हणजे घाटात, नेमकी गरज असताना, हा आपला विश्रांती घ्यायचा. विजेचा वायपर सर्वत्र रुळल्यावर ही कटकट मिटली. वायपरच नसेल किंवा मोडला असेल तर आपले ट्रकवाले काचेवर तंबाखू चोळत. त्याने पाण्याचे थेंब न धरता पातळ पडदा होतो आणि थोडेफार दिसते. युक्ती खरी आहे, पण तिच्या भरवशावर रात्रीचा प्रवास करू नये.

दिव्यांचे असेच. पहिल्या मोटारींना बाजूला रॉकेलचे आणि पुढे कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी ठिबकले की वायू निघतो, तो पेटवायचा. जत्रेत दुकानदारांपाशी अशाच जातीचे दिवे असत, ते आपल्यापैकी वडील मंडळींना आठवत असतील. मोटारचालकाला रोज त्यातला चुना खरवडून काढावा लागे, काच पुसावी लागे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेवर इंजिन सुरू करण्याची सोय आणि विजेचे दिवे एकत्र आणले, आणि मग ही घाण हळूहळू गेली. त्यानंतर मोटारीत बल्ब आला. बल्ब आला म्हणजे तो उडणेही आले!

‘शोफर’ हा शब्द फ्रेंच आहे, आणि त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा. त्या काळी मोटार हाकणाऱ्याने ती दुरुस्तही केलीच पाहिजे, असा दंडक होता. धनिकांनी मोटारीबरोबर असा माणूसही पदरी बाळगावा लागे. नरसी ज्या मुलखात होते, त्या निझामाच्या राज्यात राजधानीच्या दरबारी रोल्स-रॉईस आली होती. निझामासाठी बांधलेली ती पिवळी गाडी हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात जतन केलेली आहे. अशा गाडीचा दिवा बदलायला नोकरांची काय वाण? सामान्य माणसाचा मोटारीशी संबंध आला तो बसमुळे. १९३२ मध्ये निझाम स्टेट रेल्वेने मार्ग-वाहतूक खाते काढले आणि २७ गाड्यांनिशी सरकारी बस सुरू केली. इकडे मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, आणि पुढे तिथली बसही महाराष्ट्राच्या महामंडळात सामावली गेली.

बसच्या ह्या कारभारात एक गोष्ट फार चांगली होती. आगार होते, आगारात भांडार होते, आणि भांडारात बल्ब होते. खासगी मोटारवाल्याला आगार कोठले? त्याचा आधार म्हणजे रस्त्याकडेचे गॅरेज. मराठवाड्यात त्या गॅरेजच्या मालकाला ‘उस्ताद’ म्हणतात. हा निझामी अमलाचा वारसा. उस्तादाच्या हाताखाली दहा-बारा वर्षांचा पोर पाने पुसता पुसता शिके. पोराने शाळेत असायला हवे होते, हे मला मास्तर म्हणून सांगितलेच पाहिजे. पण ही विद्या अशीच पसरली, हेही खरे. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. शिंप्याच्या घरी फाटलेले वस्त्र टाकून देण्याआधी सुईदोरा निघतो. उस्तादाची रीतही तीच.

ह्या रीतीला सरकारी धोरणाने आणखी बळ दिले. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. फोर्डही आली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितले, की नुसती जोडणी चालणार नाही, भाग इथेच बनवा. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनचा अहवाल आला, आणि पुढच्या वर्षापर्यंत ह्या दोन्ही अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. त्यांच्या शेवरलेट आणि फोर्ड मात्र रस्त्यावर राहिल्या. त्यांना नवे भाग मिळेनात. मग ह्या गाडीचा दिवा त्या गाडीला, लॉरीचा वायपर मोटारीला, असा संसार सुरू झाला. तो कुणाला हास्यास्पद वाटेल. मला त्यात अब्रू दिसते.

रिंगणात उरल्या त्या देशी कंपन्या. त्यांपैकी वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स आपली, कुर्ल्याची. तिने फियाट कंपनीशी करार करून ११०० ही गाडी काढली. तीच पुढे पद्मिनी झाली आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झाली. एकच गाडी, एकच जातीचे भाग, आणि तेही वर्षानुवर्षे न बदलणारे! तज्ज्ञ मंडळी त्याला मागासपणा म्हणत, आणि मोटारीच्या दृष्टीने ते चुकीचेही नव्हते. ब्रेक, गिअर ह्यांबाबत तक्रारी पुष्कळ होत्या. पण मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळणारा वायपर पाच वर्षांनी घेतला तरी तोच बसे. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग दिसे, आणि प्रत्येकाशी हात पोचे. गाडी नादुरुस्त झाली म्हणून प्रवासी खाली उतरले, आणि त्यातल्याच एखाद्याने ‘जरा प्लग काढून बघा हो’ म्हटले, असे सहज घडे.

आता आपण विचाराल, की हे भाग बदलायचे तरी कसे? सांगतो, अवघड काही नाही. वायपरची दांडी काचेपासून उभी करावी. पाते आडवे वळवावे, आकड्यापाशी एक लहानशी जीभ असते ती दाबावी, आणि पाते खाली सरकवावे. आकड्यातून ते सुटते. एवढे करताना काचेवर जाड फडके घडी करून ठेवायला विसरू नका. पाते निघाल्यावर उघडी लोखंडी दांडी स्प्रिंगच्या जोराने आपटली, तर पट्टी बदलायला गेलेल्याला काच बदलावी लागते! दुकानात जाताना जुने पाते बरोबर न्यावे. बऱ्याच गाड्यांत चालकाकडचे आणि डावीकडचे पाते लांबीने वेगळे असते. पाते शाबूत आणि नुसते रबर गेले असेल, तर काही ठिकाणी रबर तेवढे मिळते.

मागच्या दिव्याचा जुना बल्ब दाबून फिरवला की निघतो. एकाच बल्बात दोन तारा असतात, २१ वॅटची ब्रेकची आणि ५ वॅटची रात्रीची. त्याच्या बुडाशी दोन खुंट्या असतात त्या मुद्दाम खालीवर ठेवलेल्या आहेत, म्हणजे बल्ब उलटा बसूच नये. ज्याने हे योजले त्याने अंधारात चाचपडणाऱ्या माणसाचा विचार केला होता. पुढच्या हॅलोजन बल्बाच्या काचेला मात्र बोट लावू नका. हाताचे तेल काचेवर राहते, तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लौकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसावा. आणि आधी दिवा बंद करून निवू द्यावा, हे सांगायला नकोच.

फ्यूजबद्दल दोन शब्द कडकच सांगतो. फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून काम भागवण्याची एक वाईट खोड आपल्याकडे होती, आणि अजून पुरती गेलेली नाही. फ्यूज उडतो तो तार जळू नये म्हणून. चांदी लावली की फ्यूज वाचतो आणि गाडी जळते. हल्लीच्या फ्यूजला रंगही दिलेले असतात. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा. गेला त्याच रंगाचा घालावा, म्हणजे झालं. बॅटरी काढायची वेळ आली तर ऋण टोक आधी सोडावे आणि जोडताना शेवटी जोडावे. टोकांवर पांढरी बुरशी धरते तिला खाण्याच्या सोड्याचे पाणी पुरते.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली आणि मोटार मध्यमवर्गाच्या अंगणात उभी राहिली. तिच्याबरोबर सर्व्हिस स्टेशनही आले. सुरुवातीला त्याने बिघडले काहीच नाही; मारुतीचे बल्ब आणि वायपर लौकरच गावोगावच्या दुकानांत लटकू लागले. बदल हळूहळू झाला. बॉनेटखालची जागा आवळत गेली. आज काही गाड्यांचा पुढचा बल्ब काढायला बॅटरी हलवावी लागते, काहींचा बंपरच उतरवावा लागतो. एलईडीचे दिवे आले; ते फार टिकतात, उजेडही उत्तम देतात, ह्यात शंका नाही. पण कित्येक गाड्यांत त्यातला ठिपका गेला की सबंध दिवाच बदलावा लागतो, आणि त्याची किंमत बल्बाच्या किमतीशी ताडून पाहण्याजोगी नसते. हिंगोलीकडच्या माणसाला तो कदाचित दूरच्या शहरातून मागवावा लागतो. तोवर गाडी एकडोळी चालते, नाहीतर उभी राहते.

हा नुसता सोयीचा मामला नाही, हे आपल्या स्पर्धा आयोगानेही पाहिले. भाग खुल्या बाजारात न देणे, बाहेरच्या गॅरेजांना माहिती आणि हत्यारे न पुरवणे, ह्या तक्रारीवरून २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २५४५ कोटी रुपयांचा दंड केला. १९५० च्या दशकात उस्तादाला भाग मिळत नव्हते ते आयातीच्या निर्बंधांमुळे. आता तक्रार होती, की कंपन्याच ते देत नाहीत. २०१६ मध्ये अपिलात तीन कंपन्यांपुरता दंड कमी झाला, पण त्यांच्याविरुद्धचा निष्कर्ष कायम राहिला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ ह्या विषयावर समिती नेमली आणि डिसेंबरात त्यासाठी पोर्टलही उघडले. मोटारींचे क्षेत्र त्यात धरलेले आहे. युरोपात तर दिव्यांविषयीच्या नियमांतच लिहिले गेले, की बल्ब तज्ज्ञाच्या मदतीवाचून, गाडीबरोबर दिलेल्या हत्यारांखेरीज खास हत्यार न वापरता बदलता आला पाहिजे. त्याला एलईडीसारख्यांचे अपवाद ठेवले आहेत, आणि नव्या गाड्या त्याच अपवादातून पुढे चालल्या आहेत.

पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याचे उत्पादन त्याआधीच थांबले होते. जुन्या मोटारींचे शौकीन अजून तिचे भाग धुंडाळत फिरतात, आणि ते सापडतातही. वायपरचे पाते मात्र आजच्या नव्या मोटारीतही मालकाला स्वतः बदलता येते, आणि बऱ्याच गाड्यांत नंबरप्लेटवरचा पाच वॅटचा बल्बसुद्धा. परतवारीला निघण्याआधी, ज्येष्ठ सरता सरता, एकदा काचेवर पाणी ओतून वायपर चालवून पाहावा, आणि घरातल्या एखाद्याला मागे उभे करून ब्रेक दाबावा.