कासव, मांजर आणि शब्दांची काटकसर

नवशिक्यासाठी भाषा घडविताना तिच्यात मूळ शब्द किती ठेवावेत, हा प्रश्न वैयाकरणांप्रमाणे संगणकशास्त्रज्ञांनाही पडत आला आहे. मुलांसाठी निर्माण झालेल्या संगणकभाषांचा इतिहास पाहिला, तर तो बराचसा याच प्रश्नाभोवती फिरलेला दिसतो. वारंवार लागणाऱ्या कामासाठी सोयीची आयती आज्ञा द्यावी, की थोड्या मूळ आज्ञा देऊन बाकीची जुळवाजुळव मुलावर सोपवावी?

या कथेचा आरंभ ठोकळ्यांच्या दृश्य भाषांपूर्वीचा आहे. १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे वॉली फ्यूरझाइग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही भाषा सिद्ध केली. पुढे तिच्यात प्रसिद्ध ‘कासव’ आले. पुढे जाणे, मागे येणे आणि वळणे, एवढ्यावरच त्याचा संसार चाले. वर्तुळ काढायचे तर मुलाने स्वतःच कासव होऊन चालून पाहावे, अशी पॅपर्ट यांची शिकवण होती. एक पाऊल पुढे, एक अंश वळण, असे ३६० वेळा केले की वर्तुळ पुरे होते. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथात त्यांनी हा विचार विस्ताराने मांडला. वर्तुळाची आज्ञा आयती मिळाली असती, तर आकृती हाती आली असती आणि वक्रतेची कल्पना निसटली असती. शिवाय ‘चौरस’ यासारखा नवा शब्द मूल स्वतः घडवू शके, आणि तो मूळ आज्ञांच्या पंक्तीला बसे.

२००७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबमधील मिचेल रेझनिक यांच्या गटाने ‘स्क्रॅच’ सर्वांसाठी खुली केली. कासवाच्या जागी मांजर आले आणि टंकलेखनाच्या जागी एकमेकांत अडकणारे रंगीत ठोकळे. टंकाव्या लागणाऱ्या भाषेत न वापरलेला शब्द कोशात निमूट पडून राहतो. येथे तो नवशिक्याच्या डोळ्यांसमोर उभाच असतो. म्हणून आज्ञासंच लहान ठेवण्याचे धोरण निर्मात्यांनी २०१० च्या लेखात मांडले. तुलनेसाठी ‘लहान’, ‘समान’ आणि ‘मोठे’ असे तीनच ठोकळे दिले. ‘लहान किंवा समान’ हवे असल्यास मुलाने दोन तुलना ‘किंवा’ने जोडाव्यात.

तरीही ही काटकसर आंधळी नव्हती. ‘कडेला लागल्यास उलट फीर’ ही आज्ञा निव्वळ सोयीची. पण कोनांचे गणित न येणाऱ्या मुलाचे मांजर तिच्यामुळे पहिल्याच दिवशी पडदाभर धावते. उलट ‘सतत, जर’ हा जोडठोकळा २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीतून गेला. ‘सतत’च्या पोटात ‘जर’ ठेवले की तेच काम होते, आणि एका आज्ञेत दुसरी सामावते हे मुलाला दिसते. २०१९ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेखणी व संगीत यांचे ठोकळे मुख्य यादीतून काढून, हवे तेव्हा जोडता येणाऱ्या पुरवण्यांत ठेवले गेले.

अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु लाघव म्हणजे सुबोधता नव्हे, हे सूत्रे शिकणारा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. पहिल्या स्क्रॅचची उणीव आमच्या मते शब्दसंख्येत नव्हती. मुलाला स्वतःचा शब्द घडविता येत नव्हता, ही ती उणीव. येन्स म्योनिग यांनी ‘बिल्ड युअर ओन ब्लॉक्स’ रचून ती भरून काढली, आणि पुढे बर्कलीच्या ब्रायन हार्वी यांच्यासह ‘स्नॅप’ निर्माण केली. २०१३ मध्ये स्क्रॅचनेही स्वतःचा ठोकळा घडविण्याची मुभा दिली.

आम्हांस वाटते, सोयीच्या आज्ञेची कसोटी येथेच आहे. जे मुलाच्या आवाक्याबाहेर आहे, ते त्याला आयते द्यावे. जे दोन ठोकळ्यांतून त्याला साधेल, ते त्याच्यासाठीच राखून ठेवावे. स्वतः घडविलेल्या सोयीत तिच्यामागचा विचारही मुलाच्या मालकीचा होतो. संगणक आज शाळाशाळांत पोहोचला आहे. तेथे मुले केवळ आयत्या आज्ञा वापरणारी होणार की नव्या आज्ञा घडविणारी, हे ठरविण्यात या काटकसरीचा वाटा लहान नाही.