स्क्रिप्टची अट आणि गावाचे नाव : जँगोच्या फॉर्मांतील एक लिपिप्रश्न

संगणकावरील प्रशासकीय फॉर्मात कोणते साहाय्यक साधन केव्हा आणावे, हा प्रश्न वरकरणी केवळ यंत्रविद्येचा वाटतो. तथापि त्या साधनाचे कार्य शब्दातील अक्षरे पारखण्याचे असेल, तर तोच प्रश्न लिपिविचाराच्या कक्षेत येतो. जँगो या पायथन भाषेतील वेब फ्रेमवर्कच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांची गाठ पडलेली आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांची गावनामे कसोटीस लावून तिचे स्वरूप पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जँगोचा जन्म वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या पत्राच्या सेवेत असताना एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये त्याची उभारणी आरंभिली व जुलै २००५ मध्ये ते सर्वांस खुले करण्यात आले. प्रोग्रॅम लिहू न शकणाऱ्या संपादकालाही मजकूर भरता यावा, यासाठी नोंदींचे फॉर्म आपोआप सिद्ध करणारा 'ॲडमिन' हा त्याचा प्रमुख विशेष होय.

अशा फॉर्मात तारीख निवडण्यास एक स्क्रिप्ट लागते, लांब याद्यांतून निवड करण्यास दुसरी. सर्वच स्क्रिप्ट प्रत्येक पानावर लादल्यास ब्राउझरवर व्यर्थ भार पडतो. सप्टेंबर २००८ च्या १.० या आवृत्तीत याची व्यवस्था सिद्ध झालेली दिसते. प्रत्येक घटकाने आपणास हव्या असलेल्या फाइलींची यादी 'मीडिया' नावाच्या वर्गात घोषित करावी आणि पानावर जे घटक असतील त्यांच्याच याद्यांची बेरीज व्हावी. एकच फाइल दोघांनी मागितली तरी ती एकदाच यावी. अनेक याद्या जोडताना फाइलींचा क्रम बिघडण्याचा दोष २०१९ मधील २.२ या आवृत्तीत दूर झाला. मिटणाऱ्या रकान्यांसाठी अटीवर येणारी स्क्रिप्ट तर २०२४ मधील ५.१ या आवृत्तीत अनावश्यक ठरली; ते कार्य ब्राउझरच्या अंगभूत सोयीवर सोपविण्यात आले.

या साधनांपैकी एक भाषाभ्यासकास विशेष महत्त्वाचे आहे. शीर्षक टंकताच त्यावरून वेबपत्त्याचा तुकडा, म्हणजे 'स्लग', रचणारी ही स्क्रिप्ट होय. स्लग हा शब्दही वृत्तपत्रव्यवसायातलाच. आरंभीच्या आवृत्त्यांत ही स्क्रिप्ट, असा रकाना फॉर्मात असेल तरच उतरविली जाई. पुढे ती सर्वच फॉर्मांत येऊ लागली, आणि अट केवळ तिच्या कार्यापुरती उरली. मात्र दोन्ही काळांत अटीने विचारले ते एवढेच की, रकाना आहे काय? रकान्यात कोणती लिपी येणार, हे तिने कधीच विचारले नाही.

त्याचे परिणाम दूरगामी आहेत. ग्रीक, रशियन, अरबी, जॉर्जियन इत्यादी अक्षरांचे रोमनीकरण करणारे तक्ते या स्क्रिप्टमध्ये आहेत. देवनागरीचा तक्ता मात्र त्यांत आला नाही. त्यामुळे 'शिरूर' लिहिले असता स्लगचा रकाना रिकामाच राहतो. डिसेंबर २०१५ मधील १.९ या आवृत्तीत युनिकोड अक्षरे जशीच्या तशी ठेवण्याची मुभा मिळाली. परंतु ती मुभा वापरली असता 'शिरूर'चे 'शरर' होते, 'केडगाव'चे 'कडगव', 'कुरकुंभ'चे 'करकभ' आणि 'शिक्रापूर'चे 'शकरपर'. 'आलेगाव'चे 'आलगव' होते. म्हणजे स्वतंत्र लिहिलेला आ टिकतो, व्यंजनास जोडलेला आ नाहीसा होतो. दौंड तालुक्यातील 'यवत' तेवढे अक्षत राहते, कारण त्यात एकही स्वरचिन्ह नाही.

याचे कारण वर्गीकरणात आहे. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीतील व्यंजने व स्वतंत्र स्वर यांना 'अक्षर' या वर्गात, तर काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त यांना 'चिन्ह' या वर्गात घातले. स्क्रिप्ट 'अक्षरे व अंक ठेवा, बाकी काढा' असा नियम चालविते. रोमन लिपीत स्वर हेही अक्षरच असल्याने तेथे हा नियम निरुपद्रवी ठरतो. देवनागरीत तो शब्दाचा स्वरभागच छाटून टाकतो. मोडीतही इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळला जात नसे. परंतु मोडी वाचणारा संदर्भाने अर्थ लावी. यंत्रापाशी तो संदर्भ नाही. 'दौंड', 'दिंडी' आणि 'दांडा' या तिन्ही शब्दांचा स्लग 'दड' असा एकच होतो, आणि स्लग एकमेव असण्याची अट असल्यास दुसरी नोंदच अडते.

दोष येथेच संपत नाही. लिपिकाने 'दौंड' असा पूर्ण स्लग हाताने लिहिला, तरी सर्व्हरवरील पडताळणी तो नाकारते. कारण पायथनच्या नित्य नियमातही शब्दघटक अक्षरांत स्वरचिन्हांची गणना होत नाही. उलट 'दड' मात्र स्वीकारला जातो. शिवाय एकदा जतन झालेल्या स्लगला स्क्रिप्ट पुन्हा हात लावीत नाही. अशा रीतीने अशुद्ध नाम हेच गावाचा स्थिर पत्ता बनते, आणि शुद्ध नामास त्या पत्त्यात स्थान उरत नाही.

उपाय दुःसाध्य नाही. चिन्हवर्गास मान्यता देणारी स्वतंत्र स्क्रिप्ट लिहावी आणि ती फॉर्मच्या मीडिया-गुणधर्मातून आणावी. तेथे समोरची नोंद कोणती हे पाहता येत असल्याने मराठी नोंदीपुरतीच ती उतरविण्याची अट घालता येते. मात्र त्याबरोबर स्लगच्या रकान्याची पडताळणीही बदलली पाहिजे. अन्यथा स्क्रिप्टने राखलेला काना सर्व्हर नाकारील. साधन आवश्यक तेव्हाच आणावे, हे जँगोने आरंभीच ओळखले होते. आवश्यकता ठरविताना रकान्याइतकाच लिपीचाही विचार व्हावा, हीच शिरूर आणि दौंड या दोन नावांची अपेक्षा आहे.